तुडतुड्यांची सरासरी ८, मग फवारायचं की थांबायचं? भाताच्या खाचरात कीड कुठे आणि किती ठिकाणी बघावी

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही मुलुंडला राहता, नोकरी मुंबईतच. पालघरमधल्या वाडा गावाजवळ दोन एकर वडिलोपार्जित भातशेती आहे आणि शनिवार-रविवारी तिकडे जाता. गेल्या ऑक्टोबरात कापणीला पंधरा-वीस दिवस असताना ओहोळाकडच्या कोपऱ्यात पीक गोलाकार करपलं आणि आठवड्याभरात तो गोल वाढला. दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन्ही एकर फवारलंत, तरी आणखी दोन ठिकाणी तसेच गोल उठले. यंदा सावध राहायचं म्हणून दहा चूड (एका जागी लावलेल्या रोपांचा झुपका म्हणजे एक चूड) तपासलेत. त्यांत मिळून ८० तपकिरी तुडतुडे (बुंध्याशी बसून रस शोषणारे किडे) निघाले, म्हणजे चुडाला ८. फवारणीची मर्यादा चुडाला १० ची सांगितली जाते. तुम्ही विचारता: थांबू का? दहा चूड पुरेत का? आणि ड्रोनवाला ‘कीड नकाशा’ काढून देतो म्हणतो, तो घेऊ का?

मी बोरिवलीला राहते आणि गेली सव्वीस वर्षं ठाणे, पालघर, रायगडच्या भातखाचरांत किडींचं सर्वेक्षण करते. तुमच्या आठ आणि दहाच्या हिशेबात जो आकडा तुम्ही लिहिलाच नाहीत, माझं उत्तर त्यावर अवलंबून आहे. ते ८० तुडतुडे त्या दहा चुडांत कसे विभागले होते?

समजा एका खाचरातले आकडे असे आले: ५, ११, ८, ६, १२, ७, ९, ४, १०, ८. बेरीज ८०. आता दुसरं खाचर: १, ०, २, ०, १, ०, ०, ३, ३४, ३९. बेरीज तीच, सरासरीही ८. पहिल्यात कीड खाचरभर सारखी आहे, वाढतेय, लक्ष ठेवायला हवं. दुसऱ्यात आठ चुडांवर जवळपास काहीच नाही आणि दोन चूड मरणाच्या दारात आहेत. पहिलं खाचर ‘थांबा, पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजा’ असं सांगतं. दुसरं सांगतं, ‘त्या दोन चुडांपाशी आत्ता परत जा, भोवती काय आहे ते बघा.’ सरासरीने दोघांना एकच उत्तर दिलं असतं.

यासाठी संख्याशास्त्रात एक सोपी कसोटी आहे. आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते सांगणारा व्हेरियन्स काढायचा आणि त्याला सरासरीने भागायचं. किडी कुठेही योगायोगाने पडल्या असतील तर उत्तर १ च्या आसपास येतं. पहिल्या खाचराचा व्हेरियन्स ६.७, म्हणजे उत्तर ०.८. दुसऱ्याचा २२८, म्हणजे उत्तर २८.५. उत्तर १ च्या जितकं वर, तितकी कीड गोळा होऊन राहिलेली. तपकिरी तुडतुड्यांच्या बाबतीत, विशेषतः सप्टेंबर उलटल्यावर, मला नेहमी दुसऱ्या प्रकारचे आकडे मिळतात.

मुंबईत राहणाऱ्याला हे पटवायला लोकलइतकं चांगलं उदाहरण नाही. दोन डबे घ्या. एकात १० माणसं, दुसऱ्यात १९०. डब्याला सरासरी १००, म्हणजे कागदावर ठीकठाक. पण त्या दोनशे माणसांना एकेक करून विचारा, ‘तुमच्या डब्यात तुमच्याशिवाय किती जण होते?’ त्या उत्तरांची सरासरी १८० येते, कारण बहुतेक माणसं भरलेल्या डब्यातच होती. माँटे लॉइड या परिस्थितीकी-अभ्यासकाने १९६७ मध्ये नेमकी हीच कल्पना प्राण्यांसाठी मांडली. चुडामागे किती किडे हे मोजण्याऐवजी, एका किड्याला आजूबाजूला किती किडे जाणवतात ते मोजायचं.

तुडतुड्यांच्या बाबतीत ही जाणवणारी दाटी फार खरी गोष्ट आहे. या किडीचे प्रौढ दोन प्रकारचे असतात, लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे. लांब पंखांचे उडून येतात आणि खाचरात इकडेतिकडे उतरतात. तेव्हा मोजलंत तर कीड सगळीकडे थोडीथोडी, आकडे पहिल्या खाचरासारखे. त्यांच्या पुढच्या पिढीत, अन्न भरपूर असेल तर, आखूड पंखांच्या माद्या तयार होतात. त्यांना उडता येत नाही, त्या तिथेच राहून भरपूर अंडी घालतात, आणि तीसुद्धा पानाच्या आवरणाच्या आत, ओळीने, पुंजक्यात. पिल्लं फारशी लांब जात नाहीत. साधारण महिन्याभरात एक पिढी पुरी होते आणि एका मादीच्या जागी वसाहत उभी राहते. मग दाटी झाली, चूड सुकायला लागला की पुन्हा लांब पंखांचे निघतात आणि दुसरीकडे उडतात. म्हणून आखूड पंखांच्या माद्या दिसल्या की समजावं, गोल इथे तयार होतोय. लांब पंखांच्यांची संख्या एकदम वाढली की समजावं, आता बाकीच्या खाचरांची पाळी. माझ्या वहीत या दोघांचे रकाने वेगळे असतात.

आता गोल नेमके कुठे पडतात? तुम्ही ‘ओहोळाकडचा कोपरा’ लिहिलंय, ते वाचून मला नवल वाटलं नाही. बुंध्याशी ओल, सावली, दाट लावणी आणि नत्राचा अतिरेक हे चार जिथे एकत्र येतात तिथे तुडतुडे रमतात. सखल कोपऱ्यात पाणी साचून राहतं. ओहोळाकाठच्या झाडांची सावली पडते. शिवाय एक गोष्ट मी अनेक शेतांवर पाहिली आहे. युरियाची गोणी बांधावर ज्या जागी फोडतात, तिथून पहिल्या पंधरा-वीस पावलांत मूठ सैल असते. पुढे खत संपत येतं तशी मूठ आवळते. पंधरा दिवसांनी बांधावर उभं राहून बघा, गोणी कुठे फोडली होती ते पिकाच्या काळपट हिरव्या रंगावरून बोट दाखवून सांगता येतं. मी नव्या गावात गेले की घरातल्या माणसांना सर्वात आधी विचारते, ‘खत टाकायला सुरुवात कुठून केली?’

प्रत्येक किडीची जागा वेगळी असते हेही लक्षात असू द्या, नाहीतर तुडतुड्यांचा नकाशा सगळ्यांना लावाल. खोडकिड्याचे पतंग दिव्याकडे ओढले जातात. भिवंडी-वाडा पट्ट्यात गोदामं वाढली, रात्रभर त्यांचे मोठे दिवे जळतात. अशा एका कुंपणालगतच्या खाचरात मी खोडकिड्याने सुकलेले पोंगे (मधले कोंब) मोजले तेव्हा ते दिव्याच्या बाजूला स्पष्ट जास्त होते आणि आत जावं तसे कमी होत गेले. पाने गुंडाळणारी अळी झाडांच्या सावलीत आणि बांधालगत जास्त. सुरळीतल्या अळीची गंमत वेगळीच. ती पानाचा तुकडा कापून त्याची नळी करते आणि त्या नळीसकट पाण्यावर तरंगते. म्हणून वारा आणि पाण्याचा उतार जिकडे, तिकडे ती गोळा होते. पाणी बाहेर सोडायच्या वाटेशी दहा मिनिटं उकिडवं बसलात तर त्या छोट्या हिरव्या-पिवळ्या नळ्या एकामागोमाग वाहत येताना दिसतात. त्या एका जागेवरून अख्ख्या खाचराची कल्पना येते. म्हणूनच पिकावरून दोर ओढून नळ्या पाण्यात पाडायच्या आणि ते पाणी एका टोकाला बाहेर काढून नळ्या गोळा करून नष्ट करायच्या, हा जुना उपाय चालतो.

मुद्द्यावर येते. खाचरात शिरताना तुमच्या मनात दोन वेगळे प्रश्न असतात आणि त्यांच्यासाठी दोन वेगळ्या फेऱ्या लागतात. ‘किती आहे?’ ही मोजणी. ‘कुठे आहे?’ ही टेहळणी. बहुतेक जण दोन्हींची सरमिसळ करतात आणि तिथेच आकडा बिघडतो.

मीही सुरुवातीला बिघडवला आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मुरबाडकडच्या एका गावात पाने गुंडाळणाऱ्या अळीची तपासणी करत होते. चिखल गुडघ्यापर्यंत, पाऊस चालू. मी बांधाबांधाने फिरले आणि हात पोहोचेल तिथले चूड बघितले. आकडा मोठा आला, मी फवारणी सुचवली. ज्यांचं शेत होतं ते काका काही बोलले नाहीत. त्यांनी पंपाला पैसे मोजले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर आत उतरले, तर बांधापासून तीन-चार मीटर आत गेल्यावर गुंडाळलेलं पान शोधावं लागत होतं. त्यांचा तो खर्च माझ्या कोरड्या पायांमुळे झाला, हे मी विसरलेले नाही.

ही काठाची चूक मोठमोठ्यांच्या चर्चेत येऊन गेली आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे हे भारतातल्या कृषी संख्याशास्त्राचं फार मोठं नाव. १९४० च्या दशकात पीक-कापणी प्रयोगांसाठी (शेतातला एक तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज काढतात ते) तुकडा किती मोठा घ्यावा यावर त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा गाजलेला वाद झाला. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की फार लहान तुकडे घेतले तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, कारण कडेवरची रोपं आत धरली जातात आणि तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा. कीड मोजताना आपण याच फसगतीत सापडतो. फरक इतकाच की काठावर कीड जास्त असेल तर आपण उगाच फवारतो, आणि कीड आत असेल तर काठावरून ‘काही नाही’ म्हणून परत येतो. तुडतुड्यांच्या बाबतीत दुसरा धोका जास्त, कारण ते बुंध्याशी असतात आणि बांधावरून पीक वरून हिरवंगार दिसतं.

आता तुमचे दहा चूड पुरे आहेत का ते बघू. २० बाय १५ सेंटिमीटरवर लावणी असेल तर दोन एकरांत सुमारे २ लाख ७० हजार चूड बसतात. त्यांतले दहा. हे ऐकायला भयंकर वाटतं, पण चुडांची एकूण संख्या हा खरा अडथळा नाही. कीड सारखी पसरलेली असेल तर थोडेच चूड पुरतात. गोळा झालेली असेल तर पुरत नाहीत. वरच्याच आकड्यांवर हिशेब करा. सरासरीची प्रमाण चूक (दुसरे चूड निवडले असते तर सरासरी साधारण जितकी इकडेतिकडे झाली असती ती) सरासरीच्या पावपट इतकीच राहावी असं ठरवलं, तर पहिल्या खाचराला दोन चूड पुरतात आणि दुसऱ्याला ५७ लागतात. सूत्र सोपं आहे: व्हेरियन्सला सरासरीच्या वर्गाने भागा, मग ०.२५ च्या वर्गाने भागा. तुमच्या आकड्यांवर स्वतः करून बघा. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड केंद्रातले एल. आर. टेलर यांनी १९६१ मध्ये दाखवलं की सरासरी वाढते तसा व्हेरियन्स एका ठरावीक घाताने वाढतो. आपल्यासाठी त्याचा व्यवहारी अर्थ असा, की किडी तुरळक असताना खरा आकडा मिळवायला जास्त चूड बघावे लागतात आणि भरपूर असताना कमी. म्हणजे ऑगस्टअखेरीला मेहनत जास्त. नेमकं तेव्हाच आपण आळस करतो, कारण दिसत काहीच नसतं.

मी स्वतः काय करते ते सांगते. वाड्याकडे दोन एकर म्हणजे सहसा एक शेत नसतं. लहानमोठी सात-आठ खाचरं असतात, एक वर, एक खाली. प्रत्येक खाचर वेगळं धरायचं. वहीच्या पानावर त्यांचा कच्चा नकाशा काढा: सखल बाजू, झाडं, दिवे, पाणी यायची आणि जायची वाट, खत कुठून टाकलं, गेल्या वर्षीचे गोल. कलाकुसर नको, रविवारी वाचता आलं की झालं.

मोजणीच्या फेरीत प्रत्येक खाचरात पाच चूड, म्हणजे एकूण ३५ ते ४०. बांधापासून निदान तीन मीटर आत शिरूनच सुरुवात करायची. डोळ्यांनी चूड निवडायचा नाही. डोळा नेहमी पिवळ्या नाहीतर फार तजेलदार चुडाकडे जातो. बारा पावलं टाका आणि उजव्या पायाच्या अंगठ्यासमोरचा चूड घ्या, तो कसाही असो. चूड एका हाताने हळूच वाकवा, दुसऱ्या हाताने बुंध्याशी दोन टपल्या मारा आणि आधी पाण्यावर पडलेले मोजा, मग खोडावर उरलेले. तुडतुडे माणसाची चाहूल लागली की खोडाच्या पलीकडे तिरके सरकतात, म्हणून पलीकडून बघितल्याशिवाय शून्य लिहू नका. वर पानांवर बसणारे हिरवे तुडतुडे वेगळे, ते यात धरायचे नाहीत. पंचवीसच्या पुढे मोजत बसू नका, ‘२५+’ लिहा. निर्णय बदलणार नसतो. त्याच चुडावरचे कोळी आणि हिरवट मिरीड ढेकूण पण लिहा, ते तुडतुड्यांची अंडी-पिल्लं खातात. चुडाला ८ तुडतुडे आणि सोबत दोन-तीन कोळी असतील तर मी एक आठवडा थांबायला तयार असते. ८ तुडतुडे आणि कोळी शून्य, तर मला झोप लागत नाही.

हे बोटांना बसायला वेळ लागतो. मी नव्या मुलांना सप्टेंबरात बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईला नेते. तिथे अजून थोडी भातखाचरं उरली आहेत. पहिल्या तासात एकाच चुडाचे तिघांचे तीन आकडे येतात, दुपारपर्यंत दोन-तीनच्या फरकाने जुळायला लागतात. तुमच्या घरी दोन माणसं बघणारी असतील तर आधी दहा चूड दोघांनी स्वतंत्र मोजून आकडे पडताळा.

टेहळणीची फेरी याच्या उलट. तिच्यात मुद्दाम संशयाच्या जागी जायचं: ओहोळाकडचा कोपरा, गोणीची जागा, सावली, सर्वांत दाट लावणी. एका चुडावर दहाच्या वर तुडतुडे सापडले की तिथे काठी रोवायची आणि तिच्या चारी दिशांना दोन-दोन मीटरवरचा चूड बघायचा. तिथेही जास्त असतील तर आणखी दोन मीटर. आकडा खाली येईपर्यंत जायचं. असा गोलाचा काठ हाताला लागतो. एक पथ्य कडक पाळा: काठीभोवतीचे हे चूड मोजणीच्या सरासरीत कधीही मिसळायचे नाहीत. कीड सापडली म्हणून तिथे जास्त चूड बघितले आणि तेच सरासरीत घातले, तर सरासरी आपोआप फुगते. तुमच्या दहा चुडांत किती ‘दिसलं म्हणून बघितलं’ असे होते ते आठवून बघा. माझा अंदाज, दोन-तीन तरी असतील.

इथवरचं जुळवून घेऊ. सरासरी ८ हा आकडा एकटा काही सांगत नाही. मोजणीने खाचरनिहाय सरासरी मिळते, टेहळणीने गोलांचे काठ मिळतात, आणि निर्णय दोन्ही समोर ठेवून होतो. मोजणी १० च्या खाली आणि टेहळणीत एक-दोन गोल असतील, तर पूर्ण शेत फवारायचं कारण नाही. तो गोल आणि त्याच्या भोवतीचा चार-पाच मीटरचा पट्टा फवारा. आधी खाचरातलं पाणी काढा, नोझल बुंध्याकडे धरा. वरून शिंपडलेलं औषध पानांवरच राहतं आणि तुडतुडे खाली सुखरूप असतात. मोजणीच मर्यादेच्या वर असेल आणि बहुतेक चुडांवर किडी असतील, तर मात्र ते अख्खं खाचर घ्या.

गेल्या वर्षीच्या फवारणीनंतर दोन नवे गोल का उठले, याचं उत्तर माझ्या मते दोन कारणांत आहे. एक तर औषध बुंध्यापर्यंत पोचलं नसेल. दुसरं अधिक गंभीर. अंडी पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात आणि फवाऱ्याने कोळी, मिरीड ढेकूण मात्र खाचरभर मरतात. आठवड्याभरात पिल्लं निघतात ती शत्रू नसलेल्या शेतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं या बाबतीत बदनाम आहेत, त्यांच्यानंतर तुडतुडे उलट वाढतात. हे इतकं गंभीर होतं की १९८६ मध्ये इंडोनेशियाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, ती याच किडीच्या उद्रेकांमुळे. म्हणून कुठलं औषध वापरलंत ते बिल शोधून बघा. पायरेथ्रॉइड असेल तर यंदा ते नको. तुडतुड्यांसाठी बुप्रोफेझिन, पायमेट्रोझिन यांसारखी शिफारशीतली औषधं आहेत. मात्रा लेबलवरचीच घ्या, आणि तेच औषध लागोपाठ दोनदा नको.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत आणि त्या तुमच्या प्रश्नात नाहीत. जात कुठली? कर्जत-३ सारखी हळवी (लवकर तयार होणारी) असेल आणि दाणे भरत आले असतील, तर चुडाला १२ तुडतुडे असूनही मी कदाचित कापणी आठवडाभर लवकर घ्या असं सांगेन. गरवी (उशिरा तयार होणारी) असेल, नुकतीच निसवत (लोंब्या बाहेर येत) असेल, तर ७ ला सुद्धा मी सावध होते, कारण किडीला अजून एक पिढी काढायला वेळ आहे. धोका म्हणजे आजचा आकडा, पिकाला उरलेले दिवस आणि हवामान, तिन्ही मिळून. पाऊस उघडून दमट उकाडा सुरू झाला की धोका वाढतो. शेजाऱ्याने काय लावलंय, त्याच्याकडे गोल आहेत का, हेही विचारा. त्याचं पीक सुकलं की तिथले लांब पंखांचे तुमच्याकडे येणार. सरकारी आकड्यांचाही उपयोग करा. राज्यात २००९-१० पासून क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प चालतो. त्यात ठरावीक शेतं आणि दर वेळी बदलणारी शेतं अशी दोन्ही तपासली जातात. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) तुमच्या गावच्या तुडतुड्यांचे आकडे विचारलेत तर कल बरोबर कळतो. मात्र तो तालुक्याचा, गावाचा कल. तुमचा ओहोळाकडचा कोपरा त्यात नसतो.

गेल्या वर्षीच्या गोलाची जागा कितपत महत्त्वाची, हाही प्रश्न येतो. तुडतुडे त्या मातीत दबा धरून राहत नाहीत, दर हंगामात नव्याने उडून येतात. पण सखलपणा, सावली, खताची सवय तिथेच राहते, म्हणून जागा टेहळणीच्या यादीत वरच ठेवा. खोडकिड्याचं उलट. त्याच्या अळ्या धसकटांत राहतात, म्हणजे जिथे गेल्या वर्षी पळींज (पांढऱ्या, पोकळ लोंब्या) होती तिथे कीड अक्षरशः मुक्कामाला असते. कापणीनंतर ती धसकटं नांगरून काढा.

आता ड्रोन. मी यंत्राच्या विरोधात नाही. पण तुडतुडे बुंध्याशी असतात आणि कॅमेरा शेंडे बघतो. पीक पिवळं पडून कॅमेऱ्याला दिसेल तोवर गोल झालेला असतो, आणि तो तुम्हाला बांधावरूनही दिसेल. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. एक ठिपका १० मीटरचा, साधारण पाच दिवसांनी नवं चित्र. पण आपल्याकडे पावसाळ्यात ढग. तरी त्यांचा एक उपयोग मी करते: उघडिपीतल्या चित्रात कुठला भाग वाजवीपेक्षा जास्त हिरवा आहे ते बघते आणि टेहळणी तिथून सुरू करते. ड्रोनवाल्याला एकच विचारा, ‘नकाशा करताना जमिनीवर किती चूड मोजता?’ रंगीत नकाशे बहुधा क्रिगिंग नावाच्या पद्धतीने काढतात, म्हणजे मोजलेल्या बिंदूंवरून मधल्या जागांचा अंदाज बांधतात. दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंता क्रिग यांनी सोन्याच्या खाणींसाठी तिची सुरुवात केली. ती उत्तम पद्धत आहे, पण तिला पन्नास ते शंभर बिंदू तरी लागतात. दहा बिंदूंवरून काढलेला नकाशा तितकाच सुंदर दिसतो आणि मधली जागा निव्वळ अंदाजाने रंगवलेली असते. उत्तर ‘मोजत नाही’ असं आलं तर ते पैसे गावातल्या एखाद्या होतकरू मुलाला द्या आणि त्याच्याकडून बुधवारी एक जादा फेरी करून घ्या.

आठवड्यातून एकदा जाणं तुडतुड्यांसाठी पुरतं, पण सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत एकही आठवडा चुकवू नका. गणपती आणि नवरात्र मधेच येतात आणि सगळ्यांचे गोल नेमके त्याच सुट्ट्यांत वाढतात.

पुढच्या वर्षी लावणीला सखल खाचरांत दर दोन-अडीच मीटरला फूटभर मोकळी वाट ठेवा, बुंध्याशी हवा खेळते आणि मोजायला आत शिरणंही सोपं होतं. युरिया तीन हप्त्यांत विभागा आणि गोणी दर वेळी वेगळ्या बांधावर फोडा. या शनिवारी मात्र आधी ओहोळाकडच्या कोपऱ्यात उतरा, काठी घेऊन. ते चाळीस चूड आणि गोलाचे काठ वहीतून जसेच्या तसे इथे लिहा, जातीचं नाव आणि निसवण्याची तारीख सोबत द्या. मग कुठलं खाचर फवारायचं आणि कुठलं सोडायचं ते आपण एकेक करून बघू.